उघडा भाव, बंद वही

आडत्या आणि खरेदीदार समोरासमोर उभे असतात. दोघांच्या हातांवर एक रुमाल टाकलेला असतो आणि त्याखाली बोटं बोलत असतात. कोणतं बोट धरलं, कितीदा दाबलं, यावरून शेकडा ठरतो, मग वरचे दहा-वीस ठरतात. ज्याचा माल आहे तो शेतकरी तिथेच हातभर अंतरावर उभा असतो आणि त्याला फक्त रुमाल दिसतो. बाजारात याला हत्ता म्हणतात. कायद्याने तो कधीचाच बंद केला आहे. तरीही वाशीच्या फळबाजारात हापूसच्या हंगामात रुमालाखालचे सौदे होतात, ही गोष्ट बातम्यांतून इतक्यांदा आली आहे की तिला गुपित म्हणणं अवघड आहे.

तंत्रज्ञान, खुला डेटा आणि रोजगार या विषयाची सुरुवात मी मुद्दाम संगणकापासून करत नाही. केंद्र सरकारने आपल्याकडची माहिती खुली करण्याचं धोरण २०१२ मध्ये आणलं, त्याच वर्षी सरकारी आकडे एकत्र ठेवणारं संकेतस्थळ सुरू झालं आणि ‘डेटा’ हा शब्द आपल्या बोलण्यात रुळला. पण रुमाल काढायला लावण्याची खटपट त्याहून सव्वाशे वर्षं जुनी आहे आणि तिची एक मोठी खूण वऱ्हाडात आहे. हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाखाली कारंज्याला १८८६ मध्ये नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्यबाजाराचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने १९६३ मध्ये शेतमालाच्या बाजारासाठी स्वतःचा अधिनियम केला. या सगळ्यामागचं मागणं एकच होतं: बोली सर्वांदेखत लागावी, माल मान्य काट्यावर तोलला जावा आणि दर सगळ्यांना कळावा.

या उघडेपणाने बाजारातली कामंही बदलली, हे सहसा कोणी सांगत नाही. भाव गुपित होता तोवर आडत्याचं भांडवल म्हणजे त्याची बोटं. लिलाव उघडा झाल्यावर पुकारणारा आला, परवाना घेतलेला मापाडी आला, नोंदलेला हमाल आला, बाजार समितीचा कारकून वही घेऊन बसला. नियम बदलला म्हणून कामं निर्माण झाली. यंत्र तेव्हा चित्रातही नव्हतं. आज ‘तंत्रज्ञान नोकऱ्या खाणार की देणार’ असा वाद घालताना हा इतिहास हाताशी असलेला बरा. माझं म्हणणं थोडक्यात असं: कामाचं रूप यंत्रापेक्षा नोंदीवर जास्त ठरतं. काय नोंदलं जातं, वही कोणाकडे असते आणि ती वाचायचा हक्क कोणाला असतो, याच्यावर. पुढची उदाहरणं या मताशी सगळीकडे जुळत नाहीत आणि तसं असणं चांगलंच आहे.

आशावाद्यांची लाडकी गोष्ट केरळातली आहे. १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मोबाइलचे मनोरे उभे राहिले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने तिथल्या तारली पकडणाऱ्या होड्यांचा अभ्यास केला आणि तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी होडी आपल्याच बंदराला लागायची. तिथे माशांचा ढीग पडला असेल तर उरलेली तारली समुद्रात फेकली जायची आणि त्याच सकाळी काही मैलांवरच्या बंदरात गिऱ्हाईक रिकाम्या टोपलीने परत जायचं. फोन आल्यावर कोळी पाण्यातूनच चार बंदरांचे भाव विचारू लागले. नासाडी जवळपास थांबली, कोळ्यांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला, ग्राहकाचा भाव सुमारे ४ टक्क्यांनी उतरला. दोन्ही बाजूंचा फायदा, असं अर्थशास्त्रात क्वचितच इतकं स्वच्छ दिसतं.

नंतर तिकडे गेलेल्या अभ्यासकांनी मात्र एक साधी गोष्ट पुढे आणली. ज्याने लिलाव करणाऱ्याकडून होडीसाठी, जाळ्यासाठी पैसे उचलले आहेत, त्याला दुसऱ्या बंदराचा भाव कळून उपयोग काय? मासा तर कर्ज देणाऱ्याच्याच दारी न्यावा लागतो. भाव कळणं आणि त्या भावाला विकता येणं यांच्या मध्ये कर्जाची वही असते, आणि ती वही कुठल्याच मनोऱ्याच्या टप्प्यात येत नाही.

आता आपल्या कांद्याकडे येऊ. लासलगावच्या आवारात ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी थांबतो, कोणी वरचा कांदा बाजूला सारून खालचा बघतो, बोली चढते, भाव चिठ्ठीवर लिहिला जातो आणि गाडी पुढे भुईकाट्याकडे सरकते. भरलेल्या ट्रॉलीचं वजन, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल उतरवल्यावर रिकाम्या ट्रॉलीचं. संध्याकाळपर्यंत त्या दिवसाची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर पणन मंडळाच्या संकेतस्थळावर चढलेले असतात. केंद्राची ॲगमार्कनेट ही यंत्रणा २००० सालापासून हेच काम देशभरासाठी करते आणि २०१६ मध्ये ई-नाम आलं. येवल्यात बसलेला शेतकरी लासलगाव, पिंपळगाव, सोलापूर असे तिन्हीकडचे भाव फोनवर पाहतो. पंचवीस वर्षांपूर्वी त्याला हे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून किंवा रेडिओवरून कळायचं. हा बदल लहान नाही.

पण हा दर म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडणारा पैसा नव्हे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने दहा गोणी, ५१२ किलो कांदा विकला. भाव लागला किलोला एक रुपया, म्हणजे क्विंटलला शंभर. विक्रीच्या हिशोबाच्या पट्टीवर एकूण रक्कम ५१२ रुपये. त्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई मिळून ५०९ रुपये ५१ पैसे वजा. राहिले २ रुपये ४९ पैसे. त्या पट्टीचं आणि दोन रुपयांच्या चेकचं छायाचित्र देशभर फिरलं. खुल्या आकडेवारीत त्या दिवसाचा सोलापूरचा किमान दर शोधला तर तो मिळेल. पण ५०९ रुपये ५१ पैशांची कपात त्यात कुठेही नाही. ती फक्त पट्टीवर होती, आणि पट्टी शेतकऱ्याने चार माणसांना दाखवली म्हणून जगाला कळली. बाजार समित्यांनी दरांसोबत पट्ट्यांचे आकडे, नावं वगळून, रोज जाहीर केले तर? कोणत्या बाजारात क्विंटलमागे किती कपात होते हे शेजारी शेजारी मांडता येईल. याला लागणारं तंत्रज्ञान पट्टी छापणाऱ्या संगणकात आधीच आहे.

आणि त्या कपातीतली ‘तोलाई’ हा तर रोजगाराचाच प्रश्न आहे. पूर्वी मापाडी पन्नास-पन्नास किलोची गोण ताजव्यावर चढवायचा. नजर काट्यावर आणि तोंडाने मोजणी, हे कसबी काम होतं. मग भुईकाटे आले आणि ते इलेक्ट्रॉनिक झाले. सबंध ट्रॉलीचं वजन एका पडद्यावर उमटू लागलं. तोलायला माणूस लागेना, पण पट्टीवरचा तोलाईचा रकाना राहिला. एप्रिल २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव याच वादावरून ठप्प झाले: हमाली, तोलाई, वाराई शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची की नाही, आणि नाही कापली तर ती कोणी भरायची? शेतकरी म्हणत होता, जे काम झालंच नाही त्याचे पैसे मी का द्यावेत. माथाडी म्हणत होता, ही माझ्या नोंदणीची, माझ्या कायद्याची मजुरी आहे. दोघांचंही खरं होतं. यंत्राने वाचवलेला पैसा नेमका कोणाच्या खिशात गेला हे दाखवणारी वही मात्र त्या भांडणात कोणी टेबलावर ठेवली नाही. बाजूला बसलेल्या तिसऱ्याला अशा वेळी फार सोयीचं जातं.

माथाडी कायद्याविषयी थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे. या विषयातली महाराष्ट्राची ती सगळ्यात मोठी कामगिरी आहे आणि आपण तिच्याकडे फक्त निवडणुकीच्या वेळी पाहतो. मुंबईच्या दाणाबाजारात ओझं वाहणाऱ्याला मालकच नव्हता. आज एका पेढीची पोती, उद्या दुसरीची. अपघात झाला तर कोण जबाबदार? म्हातारपणी कोण बघणार? पेढीवाला म्हणायचा, हा आमचा नोकर नाही. टोळीचा मुकादम म्हणायचा, मी तर यांच्यातलाच एक. अण्णासाहेब पाटलांची मुंबईतली संघटना आणि बाबा आढावांची पुण्यातली हमाल पंचायत यांच्या रेट्यातून १९६९ मध्ये माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्यातली युक्ती आजही थक्क करते. पेढीने मंडळाकडे नाव नोंदवायचं, टोळीनेही नोंदवायचं. किती पोती उचलली याच्या हिशोबाने मजुरी पेढीने मंडळाकडे भरायची, वर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही भरायची. मंडळ कामगाराला पगार देणार आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचे पैसे निघणार. मंडळावर मालक, कामगार आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी. मालक रोज बदलला तरी नोंद एकाच ठिकाणी राहते. हे सगळं लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरांवर उभं राहिलं.

मंडळांना सोवळं मानायचं कारण नाही. बोगस माथाड्यांच्या नावाने कारखानदारांकडून होणारी वसुली, वर्षानुवर्षं न भरलेली मंडळं, नात्यागोत्यात फिरणारे नोंदणीचे बिल्ले, या तक्रारी खऱ्या आहेत. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आलं तेव्हा हीच कारणं पुढे केली गेली आणि कामगार संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. मला दोन्ही बाजूंच्या निवेदनांत एका गोष्टीची उणीव जाणवली. मंडळाची रजिस्टरं उघडी करा, कोणत्या पेढीने किती लेव्ही भरली आणि किती टोळ्यांना किती काम मिळालं ते महिन्याच्या महिन्याला लावा, ही मागणी ठळकपणे कोणीच पुढे रेटली नाही. बोगसपणा शोधायला याहून स्वस्त उपाय नाही.

हे उपाय सुचवताना राजस्थान डोळ्यांपुढे येतं. दुष्काळी कामांवरच्या हजेरीपटांची नक्कल द्या, एवढ्या मागणीवरून मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ ला कोटकिराणा गावात पहिली जनसुनवाई भरवली. हजेरीपट मोठ्याने वाचला जाई आणि लोक उठून सांगत: हा माणूस मेलेला आहे, हा तर गावातच नसतो, मी एक दिवसही कामावर गेले नाही. माहिती अधिकाराचं मूळ या वाचनात आहे. आमच्याकडे १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी आली आणि तिचाही सगळा कारभार हजेरीपटावर चालला. खडी फोडणाऱ्या बाईसाठी तो कागद म्हणजे तिची आठवड्याची भाकरी होती आणि तो मुकादमाच्या पिशवीत असायचा. मनरेगाने तो पट थेट संकेतस्थळावर आणला. गाव, कामाचा क्रमांक, आठवडा निवडला की नावानिशी हजेरी आणि मजुरी कोणालाही दिसू लागली. जगात इतक्या मोठ्या प्रमाणावर मजुरीच्या नोंदी खुल्या केल्याची उदाहरणं फार थोडी असतील.

मग त्याच योजनेत ॲप आलं. १ जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवरच्या मजुरांचं दिवसातून दोनदा, ठिकाणाच्या खुणेसह छायाचित्र काढणं सक्तीचं झालं. डोंगरात रेंज नसली की छायाचित्र चढत नाही, आणि छायाचित्र नसलं की दिवसभर केलेलं काम झालंच नाही असं ठरतं. दुसरीकडे, खोटं करणाऱ्यांना वाट सापडलीच. छायाचित्राचंच छायाचित्र चढवलं जातं, कामाशी संबंध नसलेली चित्रं टाकली जातात, हे खुद्द ग्रामविकास मंत्रालयाने जुलै २०२५ च्या परिपत्रकात नोंदवलं. जनसुनवाईत मजूर पट वाचून मुकादमाला जाब विचारत होता. ॲपमध्ये यंत्रणा मजुराला जाब विचारते. दोन्ही पारदर्शकताच, पण रोख कोणावर आहे ते पाहिलं पाहिजे.

हेच आज शहरातल्या डिलिव्हरीवाल्या पोरांचं झालं आहे. नीती आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालाने २०२०-२१ मध्ये देशात ॲपवर किंवा सुटं काम करणारे ७७ लाख लोक असल्याचा अंदाज दिला होता आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाख होईल असं म्हटलं होतं. पुण्यात कर्वे रस्त्यावर दुपारी हॉटेलबाहेर दुचाक्या लावून बसलेल्या त्या मुलांना विचारा, ऑर्डर त्याला का गेली आणि तुला का नाही? उत्तर ठरलेलं: ‘सिस्टीमला माहीत.’ गाडी कुठे वळली, दारात किती मिनिटं थांबली, गिऱ्हाइकाने किती तारे दिले, हे सगळं कंपनीला दिसतं. त्या पोराला मात्र स्वतःचा आयडी का बंद झाला याचं कारणही धड कळत नाही. मालक नसलेलं काम, मधे मुकादम, आणि हिशोब मुकादमाकडे. दाणाबाजारातल्या हमालाने हे लगेच ओळखलं असतं.

म्हणून राजस्थानने जुलै २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी कायदा केला तेव्हा त्यात माथाडी मंडळाचा सांगाडा दिसणं स्वाभाविक होतं: कल्याण मंडळ, कामगाराची आणि कंपनीची नोंदणी, प्रत्येक व्यवहारावर एक ते दोन टक्क्यांचा भार. नवं होतं ते व्यवहारांच्या नोंदीचं. कंपनीच्या प्रत्येक व्यवहाराची माहिती एका सरकारी प्रणालीत यावी, अशी तरतूद त्यात आहे. कर्नाटकने २०२५ मध्ये पुढचं पाऊल टाकलं. कामगाराला काढायचं तर कारण लेखी द्या, चौदा दिवस आधी द्या आणि आपोआप चालणारी यंत्रणा काम कसं वाटते ते त्याला समजेल अशा भाषेत सांगा. युरोपात तर टॅक्सीचालक आपला डेटा मागायला कोर्टात गेले आणि ॲमस्टरडॅमच्या अपील न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये बऱ्याच अंशी त्यांच्या बाजूने निकाल दिला. माथाडी कायदा ज्या राज्याने देशाला दिला, त्याने या शर्यतीत मागे राहावं याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं. आश्चर्य हा सौम्य शब्द झाला.

इथे एक अडचण आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. मजुराचा पट खुला करायचा म्हणजे मजुराचं नावही खुलं होतं, त्याची कमाई सावकारालाही दिसते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८ मधली वैयक्तिक माहितीची तरतूद बदलली आणि व्यापक जनहित असेल तर ती माहिती द्यावी हा त्या पोटकलमातला अपवाद गेला. कार्यकर्त्यांना भीती आहे की उद्या हजेरीपट मागितला तर ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारला जाईल. भीती रास्त आहे. माझ्या मते भेद सत्तेचा करावा: कंत्राटदार, पेढी, कंपनी, अधिकारी यांची नावं आणि आकडे उघडे, कष्टकऱ्याचे आकडे त्याला स्वतःला आणि त्याच्या ग्रामसभेला, संघटनेला. जगासमोर ते नावाविना ठेवले तरी चालतील.

दुसऱ्याने नोंद करण्याची वाट न पाहता स्वतःच वही उघडणाऱ्यांचं उदाहरण पुण्यात आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये सुरू झाली. कचरा वेचणाऱ्या बायकांनी आपण रोज किती किलो माल उचलतो, त्यामुळे महापालिकेचा वाहतुकीचा किती खर्च वाचतो, याचा हिशोब अभ्यासकांच्या मदतीने मांडला. तोवर ज्यांना पोलिस हटकत होते त्यांना महापालिकेने मान्य केलेलं ओळखपत्र मिळालं, पुढे विमा मिळाला आणि २००८ मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेशी दारोदारच्या कचऱ्याचा करार झाला. ई-पीक पाहणीत उलटा प्रकार झाला. तलाठ्याने करायची पिकांची नोंद २०२१ पासून शेतकऱ्याच्या फोनवर आली. काम त्याच्याकडे सरकलं, मोबदला नाही सरकला.

शेवटी ऊसतोड, आणि माझ्या मते तोच या सगळ्याचा कस लावणारा विषय आहे. नवरा-बायकोचा एक कोयता, मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल, आणि मग बीडहून सांगली-कोल्हापूरच्या फडात सहा महिने. साखर आयुक्तालय गाळपाच्या काळात रोजचा अहवाल देतं: किती कारखाने चालू, किती ऊस गाळला, किती साखर, उतारा किती. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडीचं वजन संगणकात पडतं, तोडणी-वाहतुकीचा करार कोणाचा तेही त्यात असतं. अनेक कारखाने शेतकऱ्याला वजनाचा मेसेज त्याच दिवशी पाठवतात. ज्यांनी तो ऊस तोडला आणि मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवल्या, त्यांचा नंबर त्या यादीत सहसा नसतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, पण दर कितीही वाढला तरी किती टन झाले हे मुकादमाच्या डायरीवरूनच कळणार असेल तर उचल फिटली की अंगावर राहिली हे डायरीच ठरवणार. त्यांच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचं ठरलं, म्हणजे टन मोजता येतो, तो कोणाच्या नावावर टाकायचा हेही कारखान्याला ठाऊक असतं. त्या गाडीच्या वजनाचा एक मेसेज फडातल्या कोपीपर्यंत जाऊ द्यायला एखाद्या कारखान्याने या हंगामापासून सुरुवात केली, तर मुकादमाचं काम नेमकं काय उरतं हे आपल्याला पहिल्यांदाच कळेल.